रेव्ह लिमिटर: इंजिनाला कुठे अडवतो, कुठे अडवू शकत नाही

दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरला की आरपीएमचा (इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांचा) काटा लाल पट्ट्यात शिरतो आणि एका ठरावीक आकड्यावर अडतो. जुन्या गाडीत तिथे धाड-धाड असे धक्के बसतात, नव्या टर्बो पेट्रोलमध्ये काटा नुसता चिकटल्यासारखा राहतो. हे काम रेव्ह लिमिटरचे. आजच्या गाडीत तो वेगळा पार्ट नाही, ईसीयूमधला (इंजिनाच्या कंप्युटरमधला) प्रोग्रॅम आहे. म्हणून तो पार्टसारखा काढून नवा बसवता येत नाही आणि एकटा तोच खराब झाला असेही सहसा होत नाही. लिमिटरला फक्त इंधन, हवा आणि स्पार्क एवढेच अडवता येते, हे आधी लक्षात घ्या. इंजिन दुसऱ्याच कशाने फिरत असेल, म्हणजे चाकांनी, उताराने किंवा आत शिरलेल्या ऑइलने, तर त्याच्या हातात काही उरत नाही.

मर्यादा कशासाठी

मारुतीच्या १.२ लिटर के-सिरीज पेट्रोलचे उदाहरण घेऊ. स्ट्रोक ७१.५ मिमी, कमाल शक्ती ६००० आरपीएमला. पिस्टनचा सरासरी वेग काढायला स्ट्रोकची दुप्पट करायची आणि सेकंदाच्या फेऱ्यांनी गुणायचे: ०.१४३ मीटर गुणिले १००, म्हणजे १४.३ मीटर प्रति सेकंद. फियाटच्या १.३ मल्टिजेट डिझेलचा स्ट्रोक ८२ मिमी आहे. त्याचा पिस्टन ५००० आरपीएमलाच १३.७ मीटरपर्यंत पोचतो. डिझेलचा लाल पट्टा लवकर का सुरू होतो, याचे अर्धे उत्तर इथे मिळते. उरलेले अर्धे असे की डिझेल फवारल्यावर हवेत मिसळून जळायला वेळ लागतो, आणि जास्त आरपीएमला तो वेळच मिळत नाही.

खरा ताण मात्र सरासरी वेगाचा नसतो, पिस्टन दर फेरीला थांबून उलटा फिरतो त्याचा असतो. पिस्टन, पिन आणि रिंगा मिळून समजा ३०० ग्रॅम धरल्या, तर के-सिरीजमध्ये ६००० आरपीएमला वरच्या टोकाशी कनेक्टिंग रॉडवर सुमारे ५४० किलो वजनाइतका ओढा येतो. हा ओढा आरपीएमच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ७५०० ला तो ८४० किलोच्या घरात जातो. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी वरून दाबणारा वायूही नसतो आणि सगळा ताण रॉडच्या बोल्टांवर येतो. इंजिनाच्या ब्लॉकला भोक पाडून रॉड बाहेर येतो तो बहुतेक इथूनच.

त्याआधी व्हॉल्व्ह हार मानतात. स्प्रिंग व्हॉल्व्हला कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या उंचवट्याच्या) मागोमाग वेळेत बसवू शकली नाही तर व्हॉल्व्ह तरंगतो आणि वर येणारा पिस्टन त्याला गाठू शकतो. हायड्रॉलिक लॅश ॲडजस्टर (ऑइलच्या दाबाने व्हॉल्व्हची फट आपोआप भरणारे) असतील तर आणखी एक गंमत होते. व्हॉल्व्ह तरंगला की मोकळी पडलेली जागा ॲडजस्टर ऑइलने भरून घेतो आणि मग व्हॉल्व्ह पूर्ण बसूच देत नाही. पाय काढल्यावरही इंजिन काही सेकंद लंगडते ते यामुळे.

ईसीयू मोजतो कसा, तोडतो कसा

क्रँकशाफ्टच्या टोकाला दातेरी चाक असते. बॉशच्या पद्धतीत ६० दात्यांची जागा असते आणि त्यातले दोन गाळलेले असतात. दर दाता ६ अंशांचा, आणि गाळलेली जागा आली की ईसीयूला क्रँक कुठे आहे ते कळते. ६००० आरपीएमला एक फेरी १० मिलिसेकंदांत होते. चार सिलिंडरच्या इंजिनात दर ५ मिलिसेकंदांनी एकाची पाळी येते, म्हणजे निर्णय तेवढ्या वेळात घ्यावा लागतो.

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल (हवेची झडप) असलेल्या गाडीत मर्यादा जवळ आली की ईसीयू आधी थ्रॉटल थोडा मिटतो आणि स्पार्क उशिरा देतो. हा झाला मवाळ टप्पा. पण थ्रॉटलची मोटर आणि मॅनिफोल्डमधली (सिलिंडरांकडे जाणाऱ्या नळ्यांतली) हवा यांना वेळ लागतो आणि पहिल्या गिअरमध्ये आरपीएम फार झपाट्याने चढतो. म्हणून त्याच्या थोडे वर इंधन तोडण्याचा कडक टप्पा ठेवलेला असतो. केबलच्या थ्रॉटलवाल्या जुन्या गाड्यांत हवा अडवायची सोयच नाही, त्यामुळे मुख्य भार इंधन तोडण्यावर. धक्के बसतात ते त्यामुळेच. तोडण्याचा आणि परत सुरू करण्याचा आकडा वेगळा ठेवतात, समजा ६५०० ला बंद आणि ६४०० ला चालू. दोन्ही एकच ठेवले तर सेकंदाला कित्येक वेळा चालू-बंद होत राहील.

इंधन तोडायचे तर त्या सिलिंडरचे पूर्ण तोडायचे. निम्मे केले तर मिश्रण हलके पडते (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), तापमान चढते आणि नॉकिंग, म्हणजे मिश्रण अवेळी भडकणे, सुरू होते. पूर्ण बंद केले की त्या सिलिंडरमधून नुसती हवा जाते आणि उलट तो थंड होतो. काही ईसीयू चारही इंजेक्टर एकदम बंद करतात, काही पाळीपाळीने एक-दोन.

मग स्पार्कच का तोडत नाहीत? शर्यतीच्या गाड्यांत तोडतात, कारण ते जलद असते. रस्त्यावरच्या गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा, थोडक्यात कॅट) आहे. स्पार्क नसला की न जळलेले पेट्रोल तिथे जाऊन पेटते आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळते. ईसीयू येण्याआधी स्पार्कच तोडत असत. जुन्या पोर्शे ९११ मध्ये डिस्ट्रिब्युटरच्या रोटरमध्येच स्प्रिंग लावलेले वजन असे. वेग वाढला की ते बाहेर फेकले जाऊन स्पार्क अर्थ करी. त्या काळी कॅट नव्हता, म्हणून चालून गेले.

कॉमन-रेल (ईसीयूच्या हुकुमाने फवारणाऱ्या) डिझेलमध्ये गोष्ट सरळ आहे. तिथे टॉर्क ठरतो तोच इंधनाच्या मात्रेवर. त्यामुळे कमाल शक्तीच्या पुढे ईसीयू मात्रा उतरवत नेतो आणि शेवटी शून्य करतो. धक्का बसत नाही, गाडीचा दम संपल्यासारखे वाटते.

एक मर्यादा नाही, अनेक

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांत वरची मर्यादा ६००० ते ६८०० च्या दरम्यान असते, डिझेलमध्ये साडेचार ते सव्वापाच हजार. पण हा आकडा गरम इंजिनाचा, गिअरमधला. गाडी उभी असताना अनेक गाड्यांत, विशेषतः ऑटोमॅटिकमध्ये, मर्यादा चार हजारांच्या आसपास ठेवलेली असते. ऑइल थंड असताना काही गाड्या वरची मर्यादा खाली आणतात. बीएमडब्ल्यूच्या काही एम गाड्यांत तर ऑइल तापेल तसे आरपीएम मीटरवरचे इशाऱ्याचे दिवे एकेक करून विझतात. एएमटी (क्लच-गिअर स्वतःच चालवणारी मॅन्युअल) आणि ऑटोमॅटिकमध्ये गिअरबॉक्सचा कंप्युटरही आपले म्हणणे मांडतो: मॅन्युअल मोडमध्ये तुम्ही खालचा गिअर मागितला आणि त्याने आरपीएम मर्यादेबाहेर जाणार असेल, तर तो ऐकतच नाही.

इथे एक नेहमीचा गोंधळ. टॅक्सी, ट्रक वगैरे व्यावसायिक वाहनांना ८० किमीवर अडवतो तो स्पीड गव्हर्नर. १ जुलै २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांत ८० आणि १२० ला वाजतो तो नुसता इशारा. दोन्हींचा रेव्ह लिमिटरशी संबंध नाही.

आपल्या गाडीचा आकडा कसा बघायचा

आरपीएम मीटरवर विसंबू नका, त्याचा काटा मुद्दाम संथ ठेवलेला असतो. साधारण २०१३ नंतरच्या गाड्यांत स्टिअरिंगखाली १६ पिनांचा ओबीडी (ईसीयूची माहिती वाचायचा) सॉकेट असतो. त्यात ईएलएम ३२७ प्रकारचा ॲडाप्टर लावून मोबाइलवर आकड्यांची सलग नोंद, म्हणजे लॉग, घेता येतो.

१. ॲपमध्ये फक्त चार गोष्टी निवडा: आरपीएम, थ्रॉटलची टक्केवारी, इग्निशन टायमिंग (स्पार्क पडण्याची वेळ) आणि पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचे व्होल्टेज. जास्त निवडल्या की प्रत्येक आकडा सेकंदाला एखाद्याच वेळी येतो आणि लिमिटर दिसायच्या आत निसटतो.

२. गाडी किमान १५-२० मिनिटे चालवा. पाण्याचा काटा मध्यावर आला म्हणजे ऑइल तापले असे नाही, ऑइलला जास्त वेळ लागतो. ऑइलची पातळी डिपस्टिकवर आधीच बघून घ्या.

३. बंद ट्रॅकवर किंवा डायनोवर (चाके जागेवर फिरवायच्या रोलरवर) दुसऱ्या गिअरमध्ये तीन हजारांपासून पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. मर्यादेला लागले की लगेच पाय काढा. एकदाच पुरे. एक्स्प्रेसवे ही त्याची जागा नव्हे. न्यूट्रलमध्येही करू नका, कारण भार नसताना आरपीएम फार वेगाने चढतो आणि दिसतो तो आकडा वेगळ्याच मर्यादेचा असू शकतो.

४. लॉगमध्ये बघा. पाय पूर्ण खाली असताना थ्रॉटल ८० वरून ३० टक्क्यांवर उतरला तर मवाळ टप्पा लागला. टायमिंग एकदम मागे सरकले तरीही तेच. सेन्सरचे व्होल्टेज ०.८ वरून ०.१ च्या खाली पडले तर इंधन तुटले.

लिमिटरला एकदा लागल्याने चांगल्या इंजिनाला काही होत नाही. तिथेच दाबून धरले तर टॉर्कचे चालू-बंद झटके इंजिन माउंट, ड्राइव्हशाफ्टचे जॉइंट, क्लचच्या स्प्रिंगा आणि टायमिंग चेनचा टेन्शनर यांना बसत राहतात. लग्नाच्या वरातीत न्यूट्रलमध्ये गाडी रेस करत ठेवणाऱ्यांनी रेडिएटरला वारा मिळत नाही हेही धरावे.

गाडी रेस घेत नाही, म्हणजे नेमके काय

गॅरेजमध्ये येणारी बहुतेक तक्रार लिमिटरची नसते, पण वर्णन तसेच असते. आरपीएम कुठे आणि कसा अडतो यावरून बरेच कळते.

न्यूट्रलमध्ये चार हजारांवर अडतो पण गिअरमध्ये पुढे जातो? गाडीत दोष नाही, घरी जा.

इंजिनचा दिवा लागला आहे आणि गाडी दोन-तीन हजारांपुढे जातच नाही? हा लिम्प मोड, म्हणजे दोष दिसल्यावर ईसीयू इंजिन मुद्दाम कमी ताकदीवर चालवतो. स्कॅनर लावून दोषाचे कोड वाचा. पी २१३५ म्हणजे थ्रॉटलचे दोन सेन्सर एकमेकांशी जुळत नाहीत. आधी कनेक्टर आणि वायर तपासा, मगच थ्रॉटल बॉडी बदलायची भाषा करा. पी ०३४० कॅम सेन्सरचा, त्यात काही गाड्या वरची मर्यादा खाली आणतात. बीएस-६ डिझेलमध्ये पी २४६३ म्हणजे डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) काजळी साठली आहे. कोड पुसून पुढे जाण्यात अर्थ नाही, तो परत येणारच.

आरपीएम चढतो पण रडत-रडत, आणि दर गिअरमध्ये वेगळ्या आकड्यावर दम संपतो? इथे इंजिनाला श्वास किंवा इंधन कमी पडते आहे. एअर फिल्टर बघा. मग फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के इंधन कमी-जास्त देतो ते. भाराखाली लाँग टर्म ट्रिम अधिक १० च्या पुढे जात असेल तर पंप, फिल्टर किंवा इंजेक्टर संशयित. गेज लावून प्रेशर बघा. पोर्ट इंजेक्शनच्या (सिलिंडरबाहेर इनटेकमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीत ते साधारण ३ ते ४ बार असते, आणि महत्त्वाचे म्हणजे पाय दाबल्यावर पडता कामा नये. ट्रिम ठीक असेल तर कॅट तुंबला आहे का ते पाहा: पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या जागी प्रेशर गेज बसवा, २५०० आरपीएमला ३ पीएसआयपेक्षा जास्त दाब दिसला तर वाट बंद आहे.

आरपीएम चढतो, गाडी पुढे जात नाही? क्लच.

आणि फसवा प्रकार असा: गाडी तीन-साडेतीन हजारांवर अचानक तुटते, कोड नाही, दिवा नाही. लॉगमध्ये आरपीएमची रेघ नीट बघा. एका नोंदीत ३२०० आणि पुढच्याच नोंदीत ७४०० दिसले तर इंजिन तसे फिरलेले नाही, तसे फिरणे शक्यच नाही. क्रँक सेन्सर खोटे सांगतो आहे आणि ईसीयू इमानदारीने इंधन तोडतो आहे. सेन्सर काढून टोक बघा. चुंबकाला लोखंडी कीस चिकटलेला असतो, किंवा वायरचे आवरण एक्झॉस्टजवळ वितळलेले असते. नुकतेच क्लचचे काम झाले असेल तर दातेरी चाकाचा दाता वाकला असण्याची शक्यता आधी धरा.

सीएनजी असेल तर

सिक्वेन्शियल किटमध्ये (दर सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर) गॅसचा ईसीयू पेट्रोल इंजेक्टरचे सिग्नल वाचूनच गॅस सोडतो. त्यामुळे मूळ ईसीयूने इंधन तोडले की गॅसही तुटतो आणि लिमिटर शाबूत राहतो. बऱ्याच किटमध्ये ठरावीक आरपीएमच्या वर आपोआप पेट्रोलवर जाण्याचे सेटिंगही असते. वर गेल्यावर हलका झटका लागतो तो कदाचित हाच.

जुन्या मिक्सर किटचे तसे नाही. तिथे गॅस हवेच्या ओढीने येतो. पेट्रोल इंजेक्टर तोडलेलेच असतात आणि इम्युलेटर (खोटा सिग्नल देणारा डबा) ईसीयूला सगळे ठीक असल्याचे भासवतो. ईसीयूने इंधन तोडण्याचा हुकूम दिला तरी गॅस चालूच. अशा गाडीत इंधन तोडणारा लिमिटर नाहीच असे समजून चालवा.

लिमिटर हतबल असतो त्या जागा

चौथ्या गिअरमध्ये ५००० आरपीएमला असताना तिसऱ्याऐवजी दुसरा पडला, तर काय होते ते गुणोत्तरावरून काढता येते. चौथा ०.९७ आणि दुसरा १.९० धरा: ५००० गुणिले १.९० भागिले ०.९७, म्हणजे ९८००. क्लच सोडताच चाके इंजिनाला तिथवर फिरवतात. ईसीयू इंधन तोडतो, पण आता इंधनाने काही अडत नाही. चूक कळली तर क्लच परत दाबणे एवढाच उपाय, तोही बहुधा उशिरा सुचतो.

घाट उतरताना हेच सावकाश घडते. वरंधा किंवा आंबा घाटात भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये सोडली की पाय पूर्ण काढलेला असताना इंधन आधीच बंद असते. तोडायला काही उरलेलेच नसते. आरपीएम चार-साडेचार हजारांपुढे सरकू लागला (डिझेलमध्ये साडेतीन) की ब्रेकने वेग कमी करा किंवा एक गिअर वर घ्या.

तिसरी जागा डिझेलची आणि सर्वांत वाईट. टर्बोचे सील गेले किंवा ऑइल पातळीच्या फार वर भरले, तर इंजिन हवेबरोबर आपलेच ऑइल ओढून त्यावर धावते. बीएस-६ डिझेलमध्ये डीपीएफचे रीजनरेशन (साठलेली काजळी जाळणे) वारंवार अर्धवट राहिले की डिझेल ऑइलमध्ये उतरून पातळी वाढते, म्हणून डिपस्टिकवर वाढलेली पातळी ही खुशीची गोष्ट नाही. चावी बंद करूनही इंजिन वाढतच गेले तर मॅन्युअल गाडीत ब्रेक आणि हँडब्रेक घट्ट दाबा, सर्वांत वरचा गिअर टाका आणि क्लच झटक्यात सोडा, इंजिन गुदमरून बंद पडेल. ते जमले नाही तर हवेची वाट जाड सपाट फळीने बंद करा. कापड आत ओढले जाते, हात तर लावूच नका. इंजिन किंचाळत असेल तर बॉनेटपासून लांब व्हा.

डिझेलची पीयूसी

साधारण मालकाची गाडी लिमिटरपर्यंत नियमाने नेली जाते ती इथेच. धुराच्या चाचणीत न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर झटक्यात पूर्ण दाबून इंजिन गव्हर्नरच्या (इथे आरपीएमच्या, वरच्या स्पीड गव्हर्नरच्या नव्हे) मर्यादेपर्यंत नेतात, आणि ते एकापेक्षा जास्त वेळा. केंद्रावर थंड गाडी नेऊ नका, आधी अर्धा तास चालवा. ऑइल किमान ६० अंश हवे, शिवाय गरम इंजिनाचा धूरही कमी. टायमिंग बेल्टवाले इंजिन असेल आणि बेल्टची मुदत उलटून गेली असेल तर आधी बेल्ट बदला, मग पीयूसीला जा. मल्टिजेटला चेन आहे, तिथे थंड सुरुवातीला खडखड ऐकू येत नाही ना एवढे बघा.

मर्यादा वाढवावी का

रीमॅप करणारे (ईसीयूचा प्रोग्रॅम बदलणारे) पाचशे आरपीएम सहज वाढवून देतात, सॉफ्टवेअरमध्ये तो एक आकडाच असतो. पण मूळ कॅमशाफ्टवर ६००० च्या पुढे शक्ती उतरू लागलेली असेल, तर वाढीव पाचशेमध्ये आवाज मिळतो, पळ मिळत नाही. इंजेक्टरचा हिशेबही करा. ७००० आरपीएमला पूर्ण चक्र १७.१ मिलिसेकंदांचे. इंजेक्टर १५ मिलिसेकंद उघडा राहत असेल तर ८८ टक्के झाले, आणि ८५ च्या पुढे जाऊ नये असा रिवाज आहे. व्हॉल्व्ह स्प्रिंग आणि रॉडचे बोल्ट बदलल्याशिवाय हात लावू नये. सायलेन्सरमधून फटाके वाजवणारा मॅप (बदललेला प्रोग्रॅम) तर कॅटच्या मुळावर येतो. वॉरंटी जाते, आणि उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत परस्पर फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आड येते.

इंजिन मर्यादेबाहेर फिरले असेल तर

चुकीचा गिअर पडून गेल्यावर गाडी नीट चालते म्हणून सोडून देऊ नका. स्कॅनरवर पी ०२१९ आहे का बघा, तो ओव्हरस्पीडचा कोड. असेल तर त्याची फ्रीझ फ्रेम वाचा, तिथे त्या क्षणाचे आकडे असतात. मिसफायरचे (सिलिंडर नीट न पेटल्याचे) कोड पी ०३०० ते पी ०३०४ हेही बघा. मग चारही प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन (दर सिलिंडरमधला दाब) घ्या. चांगल्या पेट्रोल इंजिनात साधारण १२ ते १४ बार येतात, पण चार सिलिंडरमधला फरक जास्त महत्त्वाचा: १०-१५ टक्क्यांच्या वर गेला तर पुढे लीकडाउन चाचणी करा, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून ती कुठून गळते ते बघा. हवा इनटेककडून फुसफुसली तर इनटेक व्हॉल्व्ह वाकला, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा. कॉम्प्रेशन ठीक आले तरी ऑइल आणि फिल्टर बदला आणि काढलेला फिल्टर कापून बघा. कागदाच्या घड्यांत चमकदार कण दिसले तर बेअरिंगची तपासणी होईपर्यंत गाडी चालवू नका.